एका वर्षाचे सभापतिपद

लंडन येथील वेस्टमिन्स्टर ॲबीत ६ मे २०२३ रोजी राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला. मुकुट, राजदंड, अंगठी, रत्नजडित गोलक अशा नाना वस्तू त्या दिवशी राजाच्या स्वाधीन करण्यात आल्या; परंतु त्या सर्वांच्या आधी त्यांना पवित्र शास्त्राची एक प्रत अर्पण करण्यात आली. ही प्रत देणारे गृहस्थ इंग्लंडचे आर्चबिशप नव्हते, कोणी बिशपही नव्हते. ते होते स्कॉटलंडमधील एक पाळक, डॉ. इयन ग्रीनशील्ड्स, आणि हा मान त्यांना लाभला तो चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेचे ‘मॉडरेटर’ म्हणून. यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी त्यांची मुदत संपली व श्रीमती सॅली फॉस्टर-फुल्टन या पाळकबाई त्यांच्या जागी आल्या. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकात स्कॉटलंडच्या मॉडरेटरांना हा मान प्रथमच देण्यात आला, त्या वेळचा प्रकार याच्या नेमका उलट होता. तेव्हाचे मॉडरेटर जेम्स पिट-वॉटसन यांना पदावर येऊन थोडेच दिवस झाले होते. एवढ्या मोठ्या समारंभात राजासमोर उभा राहणारा हा अधिकारी कोण, त्याला कोण निवडतो आणि निवडून लगेच वर्षभरात खाली का उतरवतो, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून घोळत होता. त्याचा थोडा मागोवा घेतला असता जे आढळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘मॉडरेटर’ हा शब्द आमच्या वाचकांना अगदीच अपरिचित नसावा. बेळगाव किंवा हैदराबाद येथे ज्यांचे शेजारी दक्षिण भारताच्या मंडळीचे, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाचे, सभासद आहेत, आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे ज्यांचा उत्तर भारताच्या मंडळीशी परिचय आहे, त्यांनी तो नाताळच्या शुभेच्छांत किंवा वृत्तपत्रांत वाचलेला असतो. आपण कॅथलिक लोक जिला ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो तिला आपले प्रॉटेस्टंट बांधव मराठीत ‘मंडळी’ म्हणतात. या शब्दभेदातच बरेच काही आले आहे. त्यांच्या काही पंथांत मंडळीचा कारभार एका व्यक्तीच्या हाती नसून जमलेल्या मंडळींच्या हाती असतो. स्कॉटलंडची प्रेस्बिटेरियन मंडळी ही त्यांतली अग्रगण्य होय.

या मंडळीत बिशप नाहीत. प्रत्येक देवळाचा कारभार पाळक व ‘वडील’ मिळून पाहतात. वडील म्हणजे वयाने वृद्ध माणूस नव्हे. तो मंडळीने नेमलेला एक प्रापंचिक सभासद असतो. कोणी शिक्षक असेल, कोणी शेतकरी, कोणी वकील. एका भागातील देवळांचे पाळक व वडील एकत्र आले म्हणजे त्यांची ‘प्रेस्बिटरी’ होते, आणि सर्व प्रेस्बिटऱ्यांनी पाठविलेले प्रतिनिधी जमले म्हणजे महासभा होते. ही महासभा दर वर्षी मे महिन्यात एडिंबरो शहरी भरते. तीत पाळक जितके, तितकेच वडील, असे प्रमाण राखण्याची रीत आहे. सिद्धान्त, उपासना, शिस्त, पैसा, मिशनकार्य या सर्व बाबतींत या मंडळीत तिच्याहून वरचे न्यायपीठ नाही. तिने एखादा महत्त्वाचा नवा कायदा करावयाचे ठरविले तरी १६९७ सालच्या एका नियमान्वये तो आधी सर्व प्रेस्बिटऱ्यांकडे पाठवावा लागतो आणि त्यांच्यापैकी बहुसंख्यांची संमती आल्यावरच पुढील महासभेला तो पक्का करता येतो. एका अधिवेशनाच्या उत्साहात सबंध मंडळीचा मार्ग बदलू नये, अशी ही तजवीज आहे. शहाण्या माणसांनी केलेली, असे आम्हांस वाटते.

आता या महासभेच्या अध्यक्षाची निवड. पूर्वी माजी सभापतींचा या कामी मोठा हात असे. पुढे पुढे ते काम एका खास समितीकडे आले. सभापतिपदासाठी नाव सुचविणे एवढेच तिचे काम. तीत मागील काही सभापती असतात व निरनिराळ्या प्रेस्बिटऱ्यांचे प्रतिनिधी असतात. समिती आलेल्या नावांचा विचार करते आणि मे महिन्यातील अधिवेशनाच्या कित्येक महिने आधी, साधारणतः शरद ऋतूत, एक नाव जाहीर करते. ज्याचे नाव जाहीर झाले तो ‘नियोजित सभापती’. त्याने या अवधीत प्रवासाची तयारी करावी, आपल्या देवळाची व्यवस्था लावावी, कोणत्या विषयांवर वर्षभर बोलायचे ते मनाशी ठरवावे. परंतु सभापती तो अद्याप झालेला नसतो.

अधिवेशनाचा पहिला दिवस उजाडला म्हणजे मावळते सभापती आसनावर बसतात आणि प्रार्थना करून महासभा रीतसर भरल्याचे जाहीर करतात. प्रतिनिधींची यादी मेजावर ठेवली जाते. मग नव्या सभापतीचे नाव मांडण्यात येते आणि महासभा त्याला निवडते. नियोजित सभापतीला आत आणून मावळते सभापती त्याला आसनावर बसवतात. सभापतीची अंगठी असते, आणि पूर्वी पोशाखाचाही मोठा थाट असे: गळ्याशी व मनगटांशी लेस, गुडघ्यापर्यंतच्या तुमानी, बकलांचे जोडे, तीन कोनांची टोपी. अलीकडच्या अनेक सभापतींनी हा सरंजाम बाजूला ठेवला आहे. २०२० साली महामारीमुळे महासभाच भरू शकली नाही; तेव्हा मार्टिन फेअर यांचा पदग्रहणविधी जवळजवळ रिकाम्या सभागृहात उरकावा लागला.

निवड झाल्यावर त्यांच्या हाती येते काय? सभेचे नियमन करणे, बोलणाऱ्यांना क्रमाने बोलू देणे, मते घेणे, निर्णय जाहीर करणे. वादात ते स्वतः भाग घेत नाहीत. मते समसमान पडली तरच त्यांचे निर्णायक मत. कायद्याचा पेच आला तर शेजारी बसलेले मुख्य चिटणीस सल्ला देतात, आणि हे चिटणीस मात्र वर्षानुवर्षे तेच असतात. (खरी कारभाराची नाडी कोणाच्या हाती, असा खट्याळ प्रश्न येथे वाचकाला सुचेल. तो आमच्याही मनात आला.) अधिवेशन आठवडाभरात संपते. त्यानंतरचे बारा महिने सभापती देशोदेशी हिंडून देवळांना, तुरुंगांना, रुग्णालयांना, सैन्याला भेटी देतात. पण ते मंडळीच्या नावे आदेश काढू शकत नाहीत, पाळकांच्या बदल्या करू शकत नाहीत, मंडळीच्या मिळकतीतील एक पौंडही स्वतःच्या हुकमाने खर्च करू शकत नाहीत. लोक त्यांना मंडळीचे प्रमुख समजतात आणि दर वर्षी कोणीतरी वृत्तपत्रकार तसे छापतोही. वस्तुतः ते महासभेचे अध्यक्ष आहेत. मंडळीचा मस्तक ख्रिस्त, दुसरा कोणी नाही, असे ही मंडळी मोठ्या निग्रहाने सांगत आली आहे.

सभागृहात आणखी एक आसन आहे, तेही पाहण्यासारखे आहे. उंचावरील सज्जात राजाचा प्रतिनिधी, लॉर्ड हाय कमिशनर, बसतो. काही प्रसंगी राजे-राणी स्वतःच येतात. १९६९ साली राणी एलिझाबेथ जातीने आल्या होत्या. परंतु त्या सज्जाचा दरवाजा सभागृहात उघडत नाही. राजप्रतिनिधी महासभेला संबोधून भाषण करील, पण तीत बसणार नाही, मत देणार नाही, तिचा सभापती कोण असावा हे सांगणार नाही. एवढीशी ही व्यवस्था. पण ती मिळवण्यासाठी स्कॉटलंडमध्ये जे घडले ते वाचले म्हणजे सभापतीच्या निवडीकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

१५६० साली पहिली महासभा भरली तेव्हा तिला अध्यक्षच नव्हता. ज्या पार्लमेंटने पोपांचा अधिकार स्कॉटलंडमधून काढून टाकला ते त्याच वर्षीचे. त्या काळच्या घटनांकडे आम्ही कॅथलिक साहजिकच दुःखाने पाहतो. असो. बोलणाऱ्यांची गर्दी होऊन गोंधळ माजू लागला, म्हणून १५६३ साली जॉन विलॉक यांना सभेला शिस्त लावण्यासाठी निवडण्यात आले. ‘मॉडरेटर’ या शब्दाचा अर्थच आवरून धरणारा, मर्यादेत ठेवणारा असा आहे. १५६७ साली या जागी जॉर्ज बुकॅनन हे थोर लॅटिन पंडित बसले. ते पाळक नव्हते. पुढे ते बालराजा सहावा जेम्स याचे शिक्षक झाले. आणि हाच विद्यार्थी मोठा झाल्यावर महासभा कोठे व केव्हा भरावी हे आपल्या मुठीत ठेवू लागला व मंडळीवर बिशप नेमू लागला. अध्यक्ष राजाचा नोकर झाला की सभा आपोआप राजाची होते, हे त्याने बरोबर ओळखले होते.

त्याच्या मुलाच्या, पहिल्या चार्ल्सच्या, कारकिर्दीत या गोष्टीचा स्फोट झाला. २१ नोव्हेंबर १६३८ रोजी ग्लासगोच्या कॅथेड्रलमध्ये महासभा भरली. वीस वर्षांत ती भरलीच नव्हती. राजाचे प्रतिनिधी म्हणून हॅमिल्टनचे मार्क्विस हजर होते. त्यांचा पहिला आग्रह असा की, सभापतीची निवड करण्यापूर्वी बिशपांनी लिहून पाठविलेली हरकत वाचली जावी. ही महासभा आम्हांला मान्य नाही, असे बिशपांनी त्या हरकतीत म्हटले होते. प्रतिनिधींचे उत्तर सरळ होते: सभापती निवडल्याखेरीज ही सभाच नव्हे; मग कागद वाचायचा कोणासमोर? वरवर पाहता हा कामकाजाच्या क्रमाचा क्षुल्लक वाद वाटेल. पण हरकत आधी वाचली गेली असती तर राजप्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली ती वाचली गेली असती, आणि तेवढ्यानेच सभेचा मालक कोण ते ठरून गेले असते. प्रतिनिधी हटले नाहीत. लूकर्स गावचे पाळक अलेक्झांडर हेंडरसन यांची निवड झाली. आठवड्याच्या आत हॅमिल्टन यांनी राजाच्या नावे महासभा बरखास्त केली व ते निघून गेले. हेंडरसन आसनावरून उठले नाहीत आणि सभाही उठली नाही. पुढे कित्येक आठवडे बसून तिने राजाने नेमलेल्या बिशपांना पदच्युत केले. त्या सभेचे सारेच ठराव आम्हांस रुचणारे नाहीत, हे सांगायला नकोच. परंतु एक गावठाणातील पाळक राजाज्ञेनंतरही शांतपणे पुढचा विषय पुकारतो, हे चित्र विसरता येत नाही.

शस्त्रबळापुढे मात्र तेही चालले नाही. १६५३ साली क्रॉमवेलच्या शिपायांनी महासभा उधळून लावली. त्यानंतर ती भरली ती ३७ वर्षांनी, १६९० मध्ये.

पुढच्या शतकात गोष्टी निवळल्या आणि सभापतिपदासाठी पक्षोपपक्षांचे राजकारणही सुरू झाले. १८३७ साली मॅथ्यू गार्डिनर व जॉन ली अशी दोन नावे पुढे आली तेव्हा स्कॉटलंडचे त्या काळचे सर्वांत मोठे धर्मोपदेशक टॉमस चामर्स यांनी ली यांच्याविरुद्ध लेखणी उचलली व या एका वर्षाच्या पदासाठी पुस्तिका छापल्या गेल्या. गार्डिनर निवडून आले. सहा वर्षांनी जे घडणार होते त्याच्या तुलनेने हे पोरखेळासारखेच होते.

त्या वेळचे भांडण होते ते पाळकाच्या नेमणुकीचे. १७१२ सालच्या कायद्याने गावच्या देवळाचा पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराकडे होता. आपल्याकडचा इनामदार गावाला न विचारता गावचा धर्मगुरू ठरवू लागला तर काय होईल, ते वाचकांनीच मनात आणावे. १८३४ साली महासभेने असा नियम केला की, देवळातील कुटुंबप्रमुखांपैकी बहुसंख्यांनी नाकारलेला पाळक त्यांच्यावर लादला जाऊ नये. न्यायालयांनी हा नियम बेकायदा ठरविला. सरकारकडे केलेली गाऱ्हाणी व्यर्थ गेली.

१८ मे १८४३, गुरुवार. एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्रीटवरील सेंट अँड्रूज चर्चमध्ये महासभा भरली. मावळते सभापती डेव्हिड वेल्श यांनी प्रार्थना केली. यानंतर प्रतिनिधींची यादी तयार व्हायची आणि नवा सभापती निवडायचा, असा क्रम. वेल्श यांनी तो तेथेच थांबविला. ही सभा आता स्वतंत्र राहिलेली नसल्यामुळे ती रीतसर भरूच शकत नाही, अशा आशयाचे निषेधपत्र त्यांनी वाचले, मेजावर ठेवले, राजप्रतिनिधीला वाकून नमस्कार केला आणि ते दाराकडे चालू लागले. मागोमाग चामर्स उठले. मग एका बाजूची बाकेच्या बाके रिकामी झाली. रस्त्यावर लोकांची दाटी होती. तिच्यातून वाट काढीत हे लोक उतारावरून कॅननमिल्स येथील टॅनफील्ड नावाच्या एका मोठ्या इमारतीत गेले. तेथे पुन्हा प्रार्थना झाली, आणि वेल्श यांनी नव्या सभेचे पहिले काम पुढे घेतले: सभापतीची निवड. चामर्स यांचे नाव निघताच सभेने एकमुखाने ते स्वीकारले. इकडे मागे राहिलेल्यांनीही प्रिन्सिपल मॅकफार्लन यांना निवडून आपले कामकाज चालविले. अशा रीतीने एका दिवशी, एका शहरात, एका मंडळीच्या दोन महासभा झाल्या. चामर्स यांच्या बाजूने अखेर ४७४ पाळकांनी सही केली, आणि सही करणाऱ्या प्रत्येकाने आपले घर, देऊळ व वेतन सोडले. काहींनी पुढील कित्येक रविवार उघड्या माळावर उपासना चालविल्या. जमीनदाराचा तो हक्क १८७४ साली रद्द झाला, पण तोवर एक पिढी निघून गेली होती. आणि फुटलेल्या मंडळीचा बहुतांश भाग पुन्हा एकत्र यायला १९२९ साल उजाडावे लागले.

या फुटीचे पडसाद थेट मुंबईत उमटले. हिंदुस्थानातील स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चच्या, म्हणजे बाहेर पडलेल्यांच्या, बाजूस गेले. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ यांना आपण उभारलेल्या विद्यालयाची इमारत सोडावी लागली. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन हेही फ्री चर्चमध्ये आले. विल्सन कॉलेजचे नाव ऐकले नाही असा मराठी वाचक क्वचितच असेल; ते नाव यांचेच. १८२९ साली ते मुंबईस आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. विल्सन मराठी, गुजराती, संस्कृत, झेंद शिकले, हिंदू शास्त्र्यांशी व पारशी विद्वानांशी जाहीर वाद केले, लेण्यांतील शिलालेखांचा अभ्यास केला, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या वादपद्धतीविषयी व मतांविषयी आमचे अनेक आक्षेप राहतील; त्यांची विद्वत्ता आणि श्रम यांविषयी कोणाचेच राहणार नाहीत. या विल्सनना १८७० साली फ्री चर्चच्या महासभेने सभापती निवडले. एडिंबरोतील ‘माउंड’ टेकडीवरचे जे सभागृह फ्री चर्चने आपल्यासाठी बांधले होते, त्यातच आज एकत्रित मंडळीची महासभा भरते. आयुष्याची चाळीस वर्षे मुंबईत काढलेला माणूस त्या आसनावर बसला, तो दुसऱ्या एका मंडळीशी एकत्र यावे की नाही या प्रश्नावरून सभागृह पुन्हा दुभंगू लागले असताना. तीन वर्षांनी वाद विकोपास गेला तेव्हाही महासभेने हिंदुस्थानातूनच आलेल्या डफ यांना, १८५१ नंतर दुसऱ्यांदा, आसनावर बसविले. घरच्या तंट्यात ज्याची सर्वांनाच भीड वाटेल असा माणूस दूरदेशी राबलेल्यांत सापडेल, असा त्यांचा हिशेब असावा, असे आम्हांस वाटते. विल्सन मुदत संपल्यावर मुंबईस परतले आणि १ डिसेंबर १८७५ रोजी तेथेच निवर्तले.

एवढे सांगितल्यावरही चौकस वाचक विचारील: समिती एकच नाव सुचविते, महासभा त्याला मान डोलावते, मग ही निवडणूक कसली? आक्षेप खरा आहे. याच परंपरेतील अमेरिकन मंडळीने (मिरजेचे वॉन्लेस रुग्णालय ज्यांच्या मिशनने उभारले त्यांचीच ही वारस) दुसरी वाट धरली आहे. तेथे अनेक नावे येतात, उमेदवार महासभेसमोर उभे राहून प्रतिनिधींच्या प्रश्नांना तोंड देतात आणि मग मतदान होते. २०१६ पासून दोघांनी मिळून हे पद सांभाळण्याचीही सोय झाली असून त्या वर्षी प्रथमच दोन स्त्रिया एकत्र निवडून आल्या. यात मोकळेपणा आहे. पण ज्याला चांगले बोलता येते त्याचीच सरशी होण्याचा धोकाही आहे.

आपल्याकडील रीती याहून निराळ्या. येशूसंघीयांच्या महासभेत संघप्रमुख निवडण्यापूर्वी चार दिवस ‘मुर्मुरातियो’ चालते. म्हणजे प्रतिनिधी प्रार्थना व उपवास करीत एकमेकांना एकेकटे भेटतात आणि अमुक एक माणूस कसा आहे एवढेच विचारतात. स्वतःसाठी खटपट करण्यास सक्त मनाई आहे. २०१६ साली व्हेनेझुएलाचे फादर आर्तुरो सोसा याच रीतीने निवडून आले. पोपांच्या निवडणुकीत तर नाव सुचविणारी समितीही नाही आणि उमेदवारही नाही. मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनल सिस्टाइन चॅपेलात बसले व दुसऱ्या दिवशी पोप चौदावे लिओ यांची निवड झाली. दोन-तृतीयांश मतांची अट तेथे आहे, आणि ती रास्तच आहे, कारण तेथे निवडला जाणारा मनुष्य केवळ सभेचा अध्यक्ष नसतो व त्याची मुदत एक वर्षाची नसते.

स्कॉटलंडच्या मंडळीला एका नावावर भागवता येते याचे कारण, आमच्या मते, हेच की त्या पदात भांडून घेण्यासारखे फारसे ठेवलेलेच नाही. मान आहे, प्रवास आहे, दगदग आहे. अधिकार सभेकडेच राहतो. भारतात हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ थोडा बदलला. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया व २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. दोहोंत अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन अशा भिन्न परंपरा एकत्र आल्या. एका बाजूचे बिशप राहिले, दुसऱ्या बाजूचा ‘मॉडरेटर’ हा शब्द राहिला. परिणामी सिनडने ठरावीक मुदतीसाठी निवडलेला बिशपच मॉडरेटर होऊ लागला. दक्षिणेकडील पहिले मॉडरेटर मद्रासचे बिशप मायकेल हॉलिस होते. या मंडळ्यांकडे शाळा आहेत, रुग्णालये आहेत, शहरांच्या ऐन मध्यावर जमिनी आहेत. दक्षिणेकडील पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचे तंटे अलीकडे मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे. शेजाऱ्याच्या घरातील कलहावर बोट ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मिळकतीचे वाद आपल्या धर्मग्रामांतही होतात, हे आम्ही विसरलेलो नाही. पण १८४३ साली पाळकांनी मिळकत सोडली ती सभेचे स्वातंत्र्य राखण्यासाठी. त्याच सभेचा शब्द मिळकतीच्या खटल्यात ऐकू यावा, याचे वाईट वाटते.

स्कॉटलंडमध्येही सगळे जुनेच चालू आहे असे नाही. बुकॅननच्या नंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षे त्या आसनावर पाळकच बसत आले होते; २००४ साली ॲलिसन एलियट या वडील निवडून आल्या. पाळक नसलेल्या व्यक्तीला हे पद कित्येक शतकांनी मिळाले, आणि स्त्रीला प्रथमच. २०२१ साली माजी मंत्री जिम वॉलेस हेही वडील म्हणूनच निवडले गेले. सभासदसंख्या मात्र गेली अनेक दशके झपाट्याने घटत आहे, देवळे विकली जात आहेत. महासभेचे बरेच दिवस आता त्याच चर्चेत जातात.

आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक हकिकत सांगावयाची राहिली. मार्च १९६२ मध्ये सभापती आर्चिबाल्ड क्रेग रोमला गेले व पोप तेविसावे योहान यांना भेटले. धर्मसुधारणेनंतर चारशे वर्षांत असे घडले नव्हते. मे महिन्यात क्रेग यांची मुदत संपून नेव्हिल डेव्हिडसन आसनावर आले. त्यानंतर वीस वर्षांनी, ३१ मे १९८२ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल एडिंबरोला आले तेव्हा सभापती जॉन मॅकिन्टायर यांनी सभागृहाच्या चौकात त्यांचे स्वागत केले. त्या चौकात जॉन नॉक्स यांचा उंच पुतळा हात उगारून उभा आहे, आणि दोघांनी हस्तांदोलन केले ते त्याच्याच खाली. मॅकिन्टायर यांची निवड होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. पुढल्या मे महिन्यात ते पायउतार झाले. पोप त्यानंतर आणखी बावीस-तेवीस वर्षे आपल्या आसनावर होते.